तुम्हाला दोन मुले झाली

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. फाल्गुनात मला जुळे झाले, एक मुलगी आणि एक मुलगा. एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या आणि सिझेरियन करावे लागले. दोन्ही बाळांना लगेच दुसऱ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात हलवून काचेच्या पेटीत ठेवले. मी मात्र टाक्यांमुळे इथेच राहिले. नर्सने काढून दिलेला चीक दिरांनी तिकडे पोहोचवला होता, पण तो तिच्या पोटात गेला की नाही हे मला कळलेच नाही. चौथ्या दिवशी मुलगी गेली. जन्माच्या वेळी ओझरते पाहिले तेवढेच तिचे दर्शन. यजमान आणि दीर तिला रात्रीच गावी घेऊन आले आणि पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठी कुठेतरी पुरले. ते ठिकाण मला कोणी सांगत नाही. मुलगा आता पाच महिन्यांचा आहे. सगळे म्हणतात, "एक तरी पदरात आहे ना, आणि तोही मुलगा, मग रडतेस कशाला?" सासूबाई तिचा विषय काढू देत नाहीत आणि तिच्यासाठी शिवलेली झबली त्यांनी कुठे ठेवली तेही ठाऊक नाही. यजमान मासेमारी करतात. बंदीचे दोन महिने ते घरीच होते, पण तिच्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मुलाला पाजताना मला तीच आठवते, कधी त्याचा रागही येतो आणि मग माझीच मला लाज वाटते. रात्री त्याचा श्वास चालू आहे ना हे पाहायला मी सारखी उठते. सहाव्या महिन्यात मी एसटीने माहेरी गेले होते, त्या धक्क्यांमुळे असे झाले का? गणपतीला मुंबईची माणसे येतील आणि मुलांबद्दल विचारतील, तेव्हा काय सांगू? दोघांसाठी बोललेला नवस आता मुलाच्या नावाने फेडायचे घरात चालले आहे. कधी कधी वाटते, तिच्याबरोबर आपणही गेलो असतो तर बरे झाले असते.
— एक आई (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्याला मी आधी उत्तर देते, कारण बाकीचे सर्व त्यानंतर सावकाश बोलता येईल. आपणही गेलो असतो तर बरे, हा विचार मूल गमावलेल्या पुष्कळ आयांच्या मनात येऊन जातो आणि तो आला म्हणून तुमच्या मायेत काही उणे ठरत नाही. परंतु तो वारंवार येत असेल, किंवा कसे आणि कधी असे तपशील त्याला चिकटू लागले असतील, तर ती गोष्ट एकटीने मनात ठेवण्यासारखी नाही. त्याच दिवशी, रात्र असली तर त्याच रात्री, घरातील एका माणसाला ती स्पष्ट शब्दांत सांगा आणि एकट्या राहू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा क्रमांक आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती चोवीस तास चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि तिथे मराठीतून बोलता येते. याशिवाय, बाळंतपणानंतर येणारे नैराश्य हा खराखुरा आजार आहे. बाळ झोपलेले असतानाही झोप न लागणे, कशातच मन न रमणे, आपण नालायक आहोत असे सतत वाटणे, हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. हा आजार ओळखण्यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिनबरा प्रश्नावली म्हणून एक दहा प्रश्नांची चाचणी आहे आणि ती भरायला पाच-दहा मिनिटे पुरतात. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे असतात, म्हणून दूध तोडावे लागेल या भीतीने जाणे टाळू नका. दुःख औषधाने जात नाही हे खरे, पण दुःखाच्या आडोशाला आजार येऊन बसला असेल तर त्यावर उपचार असतो, आणि तो तुम्हाला मिळायला हवा.

आता तुमच्या मुलीविषयी.

तुम्हाला दोन मुले झाली. एक चार दिवस जगली, दुसरा पाच महिन्यांचा आहे. मोठी झालेली चार भावंडे असलेल्या घरातून एक गेले, तर उरलेल्या तिघांकडे बोट दाखवून त्या आईला "आता रडू नकोस" असे सांगण्याची कोणाची छाती होणार नाही. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र, आणि विशेषतः जुळ्यातले एक गेले की, हाच हिशेब सर्रास मांडला जातो. एक मूल दुसऱ्याची भरपाई करण्यासाठी जन्माला येत नाही. तुमचा मुलगा वाचला याचा आनंद पूर्ण खरा आहे आणि मुलगी गेली याचे दुःखही पूर्ण खरे आहे. आनंदातून दुःख वजा करून काही शिल्लक काढायची नसते.

आणि "तोही मुलगा" हे जे तुम्हाला ऐकवले गेले, त्याविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. हे वाक्य क्रूर आहे. ते प्रेमाने म्हटले असेल, अज्ञानाने म्हटले असेल, तरीही गेलेल्या लेकीचे मोल कमी ठरवूनच ते उभे राहते आणि म्हणून ते तुम्हाला सोसत नाही. ते तुम्ही सोसूही नये. पुन्हा कोणी म्हटले तर "ती माझी मुलगी होती, असे बोलू नका" एवढे एकच वाक्य पुरे आहे, आणि ते म्हणताना आवाज कापला तरी चालेल.

तुमचा शोक पाच महिन्यांनी उफाळून आला, याचेही घरच्यांना नवल वाटत असावे. त्याचे कारण मला तुमच्या पत्रातच दिसते. ती गेली त्या दिवशी मुलगा अजून पेटीत होता. रडण्याच्या दिवसांत तुम्ही दूध काढत होता, त्याचे वजन किती ग्रॅमनी वाढले हे विचारत होता, तो उद्या पाहील का या काळजीत होता. एकाला जगवण्यासाठी तुम्ही दुसरीचे दुःख बाजूला ठेवले आणि ते योग्यच केले. आता तो अंग धरू लागला आहे, तेव्हा ते दुःख आपली पाळी मागत आहे. जुळ्यातले एक बाळ गमावलेल्या आईबापांच्या बाबतीत हे नेहमी घडते. शिवाय तुमच्यासमोर दररोज एक मोजपट्टी वाढत असते. तो हसला की तीही आज हसली असती, तो पालथा पडला की तीही पडली असती. पुढेही, त्याच्या पहिल्या वाढदिवसाला, शाळेच्या पहिल्या दिवशी, हे होत राहील, कारण दोघांचा जन्मदिवस एकच आहे. ते आधीच ठाऊक असले म्हणजे त्या दिवशी आपले काहीतरी बिघडले आहे असे वाटणार नाही.

एसटीच्या प्रवासाचा प्रश्न तुम्ही पत्रात मध्येच एका ओळीत विचारला आहे, पण तोच तुम्हाला रात्री सर्वाधिक छळत असणार असा माझा समज आहे. एसटीतून माहेरी जाण्यामुळे, घरातली कामे केल्यामुळे, ग्रहण पाळले न पाळले यामुळे किंवा जुळे केळे खाल्ल्यामुळे बाळ जात नाही. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मतात. गर्भाशयावर पडणारा ताण, आईचा वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, गर्भाशयाचे मुख लवकर उघडणे अशी अनेक कारणे त्यामागे असतात आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. इतक्या लवकर आलेल्या बाळाची फुप्फुसे उघडी राहण्यासाठी लागणारा पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो, जंतूंशी लढण्याची ताकद तोकडी असते, मेंदूतील रक्तवाहिन्या नाजूक असतात. पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंमध्ये जगभर सर्वांत मोठे कारण अकाली जन्म आणि त्यातून उद्भवणारी गुंतागुंत हेच आहे. एकाच उदरातून एकाच दिवशी आलेली दोन बाळेही सारख्या ताकदीची नसतात.

तरीही माझ्या सांगण्याने तुमचे समाधान होणार नाही, कारण मी तुमच्या मुलीचे कागद पाहिलेले नाहीत. ते तुम्ही पाहावेत असे मला मनापासून वाटते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास बहात्तर तासांच्या आत द्याव्या लागतात. म्हणजे तुमच्या मुलीच्या नोंदी आजही तिथे असायला हव्यात. यजमानांनी किंवा तुम्ही लेखी अर्ज द्यावा आणि कागद मिळाल्यावर तिथल्या नवजात शिशू विभागातील डॉक्टरांची वेळ घेऊन समोर बसावे. तिला नेमके काय झाले होते, शेवटच्या तासांत तिला वेदना होत होत्या का, हे त्यांना विचारा. तुमचा चीक तिच्या पोटात गेला का, हेही विचारा. पेटीतल्या बाळाला नळीने कधी आणि किती दूध दिले याची नोंद परिचारिका ठेवतात. पहिल्या दिवसांतल्या चिकाचा एक मिलिलिटरसुद्धा अशा बाळासाठी मोलाचा असतो आणि तो देण्याचा प्रयत्न तुम्ही टाके ओले असताना केला होता. कदाचित त्या नोंदीत तो दिसेल. कदाचित तिला दूध सुरू करण्याइतकी तिची तब्येत सावरलीच नसेल. दोन्हींपैकी काहीही असो, रोज रात्री नवा अंदाज बांधण्यापेक्षा ते कळलेले बरे.

मुलावर येणाऱ्या रागाची तुम्हाला लाज वाटते, पण तो राग त्याच्यावरचा नाही. तो एकटा दिसतो, आणि त्याचे एकटे दिसणे तुम्हाला झोंबते. असा राग आला की त्याला क्षणभर सासूबाईंच्या मांडीवर देऊन बाहेर खळ्यात जाऊन या. त्याने काही बिघडत नाही. मात्र त्याला इजा करावी असा विचार मनात डोकावला, तर वर सांगितले तसे त्याच दिवशी कोणाला तरी सांगून डॉक्टरांकडे जा. पाजताना ती आठवते, तर आठवू द्या. डोळ्यांत पाणी आल्याने दूध बाधत नाही. दूध बाळ जितके ओढते तितके तयार होत राहते, त्यामुळे शोकाने दूध आटेल या भीतीलाही तुमच्याकडे थारा नको.

रात्रीच्या उठण्याविषयी थोडे नेमके सांगते, कारण मोघम धीर दिल्याने भीती जात नाही. दोन महिने ते एक वर्ष वयाचे बाळ शांत असताना मिनिटाला पन्नास किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ते प्यायला तयार नसेल, मलूल पडले असेल, त्याला झटके येत असतील किंवा ताप असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे. यांपैकी काही नसेल तर त्याला पाठीवर उताणे निजवून तुम्हीही निजावे. रात्रीचे दोन भाग करून एका भागात सासूबाईंनी किंवा घरी असतील तेव्हा यजमानांनी त्याच्याजवळ निजावे, हे तुम्ही मागून घ्या. तुमची आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येणे अपेक्षित आहे. सहाव्या महिन्याची भेट जवळ आली आहे, तेव्हा तिच्यासमोर मनातली सगळी भीती बोलून दाखवा. तो सुमारे नऊ आठवडे आधी जन्मलेला असल्यामुळे त्याची वाढ मोजताना वय पाच नव्हे, साधारण तीन महिने धरायचे असते. वाडीतल्या दुसऱ्या पाच महिन्यांच्या बाळाशी त्याची तुलना करू नका. अकाली जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची आणि कानांची तपासणी झाली आहे का, एवढे मात्र कागदांवर पाहून घ्या.

तुमच्या यजमानांच्या मौनाबद्दल मी बराच विचार केला. आपल्याकडे लहान बाळाला दहन न करता पुरतात. दोन वर्षांखालील मुलासाठी स्मृतिग्रंथांतही तसेच सांगितले आहे. त्याचे दहावे-तेरावे होत नाही, श्राद्ध होत नाही. मोठे माणूस गेले की घर तेरा दिवस माणसांनी भरून जाते. कोणी जेवण पाठवते, कोणी समाचाराला येते, कोणी नुसतेच पडवीत येऊन बसते, आणि घरच्यांना त्या माणसाविषयी पुन्हा पुन्हा बोलावे लागते. बोलता बोलता दुःखाला वाट मिळते. चार दिवसांच्या बाळासाठी यातले काहीच नाही. एक माणूस आपल्या लेकीला कापडात गुंडाळून रात्री घेऊन आला, भावाच्या मदतीने खड्डा खणला, तिला ठेवले, माती ओढली आणि पहाटे रुग्णालयात पेटीतल्या मुलाकडे जायला निघाला. त्या रात्रीविषयी त्यांना आजवर कोणी काही विचारले असेल असे मला वाटत नाही. तुम्ही तिला पाहू शकला नाहीत या दुःखात आहात. त्यांनी जे पाहिले ते कोणाला सांगता येत नाही. दोघेही एकाच मुलीसाठी झुरत आहात आणि दोघांनाही वाटते आहे की समोरच्याला त्याचे काही नाही.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ साली शोकाविषयी एक मांडणी केली, ती मला इथे उपयोगी वाटते. त्यांच्या मते शोक करणारा माणूस दोन गोष्टींमध्ये जा-ये करीत असतो. कधी तो गेलेल्या माणसाच्या आठवणीत असतो, तर कधी जाळे, डिझेल, कर्ज, बाळाचे डोस अशा चालू संसारात असतो, आणि या दोन्हींची माणसाला गरज असते. घरातले एक जण बहुतेक वेळ आठवणीत राहिले आणि दुसरे बहुतेक वेळ कामात, की भांडण होते. ऑगस्टात समुद्र उघडल्यावर तुमचे यजमान लगेच निघाले, यात निष्ठुरपणा पाहू नका. कामावर उभे राहता येते म्हणूनही माणसे कामावर जातात.

त्यांना "तुम्ही बोलत का नाही?" असे विचारू नका, कारण त्यात आरोप ऐकू येतो. होडी किनाऱ्याला असेल अशा एखाद्या दिवशी, मूल निजल्यावर, "मला त्या रात्रीचे सांगा. ती कशी दिसत होती ते सांगा," असे म्हणा. ते कदाचित रागावतील, उठून जातील. चार दिवसांनी पुन्हा विचारा. दीर बोलके असतील तर आधी त्यांच्याकडून ऐका. ते ठिकाण जाणून घेण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. बाळंतिणीने जायचे नसते हे त्या दिवसांपुरते ठीक होते. आता पाच महिने झाले आहेत. एका गोष्टीसाठी मात्र मनाची तयारी ठेवा. मधे कोकणातला अख्खा पावसाळा गेला आहे, पऱ्याला पूर येऊन गेले असतील, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात पाहिलेली जागा त्यांनाही नेमकी दाखवता येईलच असे नाही. काठाचा तेवढा भाग त्यांनी दाखवला तरी तो पुरेसा माना. जायचे तर दोघांनी जा, आणि एकदा जाऊन पुन्हा जावेसे वाटले नाही तर तेही चालते.

सासूबाईंचे वागणे तुम्हाला लागले आहे, ते साहजिक आहे. पण त्यांच्या बाजूनेही थोडे लिहिते. १९७१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी सुमारे १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. त्यांची आई, आजी, शेजारणी यांच्यापैकी किती जणींनी मुले पुरली असतील आणि दुसऱ्या दिवशी लावणीला उभ्या राहिल्या असतील. बोलायचे नाही, मागे पाहायचे नाही, ही त्या बायकांनी जगण्यासाठी काढलेली वाट होती आणि तीच त्या तुम्हाला देत आहेत. ती तुम्हाला मानवत नाही, एवढेच. झबल्यांविषयी त्यांना सरळ विचारा. त्यांनी ती कोणाला देऊन टाकली असतील तर तेही कळू द्या, पण ती एखाद्या ट्रंकेच्या तळाशी असण्याचा संभव मला अधिक वाटतो. त्यांतले एक मागून घ्या आणि रुग्णालयातली तिच्या हाताची पट्टी, कागद, जे काही असेल ते त्याच्याबरोबर एका डब्यात ठेवा. काही जण अशा वेळी झाड लावायला सांगतात. तुम्हाला हवे तर जरूर लावा, पण माझा स्वतःचा सल्ला तसा नाही, कारण ते रोप जगले नाही तर तो दुसरा घाव बसतो.

मनात तुम्ही तिला काही नावाने हाक मारत असाल. ते नाव यजमानांना सांगा, आणि दोघांना पटले तर तेच तिचे नाव. जिवंत जन्मलेले बाळ एक दिवस जगले तरी १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे त्याच्या जन्माची आणि मृत्यूची वेगवेगळी नोंद व्हावी लागते. ती जन्माच्या आणि मृत्यूच्या ठिकाणच्या निबंधकाकडे झाली आहे का, हे पाहून दोन्ही दाखले हातात घ्या. नावाशिवाय झालेल्या जन्मनोंदीत बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालण्याची तरतूद आहे. तुमचे पाचच महिने झाले आहेत, तेव्हा दाखले आणायला जाल तेव्हाच तिच्या नावाविषयी तिथे विचारा. तिचे नाव असलेला सरकारी कागद हातात आला, की ती होती की नव्हती हा वाद तुमच्या घरात कोणाला घालता येणार नाही.

गणपतीला येणाऱ्या माणसांना काय सांगायचे, ते माणूस पाहून ठरवा. वाटेवर भेटलेल्या, नाव आठवत नसलेल्या पाहुण्याला "मुलगा आहे, पाच महिन्यांचा" एवढेच सांगितले तर तुम्ही लेकीला नाकारले असे होत नाही. प्रत्येकासमोर जखम उघडी करण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ज्यांच्याजवळ मन मोकळे होईल त्यांना "जुळे झाले होते, मुलगी चौथ्या दिवशी गेली" असे सांगा. यजमानांनी किंवा दिरांनी मुंबईच्या मंडळींना आधीच फोन करून, तिचा विषय निघाला तर तो टाळू नका पण "एक तरी आहे ना" असे म्हणू नका, हे सांगून ठेवले तर तुमचा बराच ताण कमी होईल. "आता लवकर दुसरे होऊ द्या" असेही कोणी म्हणेल. प्रसूतीनंतर पुढच्या गर्भधारणेआधी किमान चोवीस महिन्यांचे अंतर असावे ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि तुमचे तर सिझेरियन झाले आहे. या विषयावर निर्णय तुम्हा दोघांचा आणि डॉक्टरांचा. आरतीच्या वेळी खोलीत जाऊन बसावेसे वाटले तर बसा, आणि आनंद झाला तर तोही होऊ द्या.

नवसाला घाई नसते. देवापुढे तुम्ही दोघांसाठी पदर पसरला होता, त्यातले एकच मागणे पुरे झाले, आणि आता फेडायला जायला पाय उचलत नाहीत, हे मला कळते. देवावर तुमचा राग असेल तर तोही काही काळ राहू द्या. पुढे कधी मन तयार झाले, तर फेडताना घरातील वडीलधारे देवापुढे गाऱ्हाणे घालतील तेव्हा त्यांनी दोन्ही मुलांची नावे घ्यावीत, एवढी अट तुम्ही घाला. गाऱ्हाण्यात गेलेल्यांचीही आठवण काढता येते, आणि तिच्यासाठी घरात कधीच न झालेला उच्चार त्यानिमित्ताने सर्वांसमोर होईल. ही अट घरात मान्य होत नाही तोवर थांबा.

शेवटी, हे उत्तर तुमच्या यजमानांनाही वाचायला द्यावे अशी माझी विनंती आहे आणि पुढचा मजकूर त्यांच्यासाठी आहे.

दादा, तुम्ही त्या रात्री जे केले ते करायला फार मोठे काळीज लागते, आणि ते तुम्ही बायकोला त्रास होऊ नये म्हणूनच तिच्यापासून दूर ठेवले, असे मी मानते. पण तिला आता त्याची गरज आहे. तिने लेकीला धरले नाही, तुम्ही धरले. ती कशी दिसत होती, जावळ किती होते, अंगावर काय होते, हे जगात तुम्ही दोघे भाऊच सांगू शकता. सांगताना रडू आले तर तिच्यासमोर रडा. आणि या आठवड्यात एक दिवस समुद्रावर न जाता तिला डॉक्टरांकडे घेऊन जा, तिथे बाहेर थांबू नका, आत बरोबर बसा, आणि तुम्हालाही झोप लागत नसेल किंवा दारू वाढली असेल तर त्याच डॉक्टरांना तुमचेही सांगा.